डाव्या हाताची शिकार

माझ्या वडिलांचा, अण्णांचा, उजवा हात खांद्याच्या वर जात नसे. फौजेत असताना घाटात ट्रक उलटला आणि खांद्याचं हाड मोडलं. ते जुळलं, पण वाकडं जुळलं. त्या हातानं ते जेवत, सही करत, बाजारातून भरलेली पिशवी आणत. पण डोक्यावरची टोपी काढायची तर डावा हात लागायचा, आणि रायफल खांद्याला लावणं तर कायमचंच संपलं. आमच्या घराण्यात शिकार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. दुसरा कुणी असता तर उरलेलं आयुष्य जुन्या शिकारींच्या गोष्टी सांगत बसला असता. अण्णांनी रायफल विकली, हे खरं. पण ती विकून लांब नळीचं, जुन्या इंग्रजी बनावटीचं एक रिव्हॉल्वर घेतलं, परवान्यावर चढवून आणलं, आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर डाव्या हातानं नेम धरायला शिकले. आईला म्हणाले, "आता हरणाच्या जवळ जावं लागेल, एवढंच." आई म्हणाली, "जवळ जा, नाहीतर त्यालाच घरी जेवायला बोलवा. मला काय, मी मसाला वाटून ठेवते."

त्यामुळे बेंगळूरच्या चामराजपेटेतल्या आमच्या घरात सकाळ व्हायची ती खटक्याच्या आवाजानं. गल्लीत इतर आवाज काही कमी नव्हते. कुणाच्या तरी रुब्बगुंड्यात, म्हणजे दगडी रगड्यात, इडलीचं पीठ घरघरत असे, मार्केटकडे जाणाऱ्या हातगाड्या दगडी रस्त्यावर खडखडत, समोरच्या घरात अगरबत्त्या वळणाऱ्या बायका पाट मांडता मांडता भांडत. त्या सगळ्यातून आमच्या मागच्या अंगणातला तो आवाज वेगळा ऐकू यायचा. खट्. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा खट्. अण्णा स्टुलावर बसून, डावं कोपर गुडघ्यावर टेकवून, न्हाणीघराच्या पत्र्याच्या दारावर चिकटवलेल्या आईच्या एका टिकलीवर नेम धरत आणि रिकाम्या रिव्हॉल्वरचा चाप ओढत. शेजारच्या पुट्टम्मा भिंतीपलीकडून आईला हाक मारायच्या, "अण्णांचा जप सुरू झाला हं वहिनी, आता नळाला पाणी येईल, बादल्या लावा." आणि खरंच पाणी यायचं.

मला त्यांनी शिकवलं असं म्हणता येणार नाही. मी शेजारी जाऊन बसू लागले, एवढंच. मी आठवीत असेन. काही दिवस त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मग एका सकाळी रिव्हॉल्वर मधल्या बिजागरीवर दुमडून उघडलं, भोकांतून उजेड दिसतो की नाही ते आधी स्वतः पाहिलं, मग मला दाखवलं, आणि मुठीकडून माझ्या हातात दिलं. म्हणाले, "जड आहे?"

"आहे."

"असू दे. जड असलं की कमी हलतं. चापावर बोट केव्हा ठेवायचं?"

"नेम धरताना?"

"नेम बसल्यावर. तोवर बोट बाहेर. लग्नात सुद्धा 'सावधान' म्हटल्याशिवाय अक्षता टाकत नाहीत."

ही त्यांची शिकवण्याची तऱ्हा. माझी मोठी बहीण शालिनी, आमची अक्का, या सगळ्यापासून चार हात लांब असे. तिला रिव्हॉल्वरची भीती नव्हती, कंटाळा होता. "तासन्‌तास गप्प बसून एका टिकलीकडे बघायचं, हा काय छंद आहे?" असं ती म्हणायची. अक्काला बोलायला माणूस लागे. भाजी निवडताना, केस वाळवताना, झोपेत असतानासुद्धा ती बोलत असे, आणि तिच्या बोलण्यानं घर भरलेलं वाटे.

जंगलखात्याचा परवाना मिळायचा तो हिवाळ्यात, नर हरणांपुरता. आम्ही कनकपुऱ्याकडे जाणारी पहिली बस पकडायचो. पिशवीत खाली रुमालात गुंडाळलेलं रिव्हॉल्वर, वर आईच्या भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी. अण्णा खिशात राखेची पुरचुंडी ठेवत. चिमूट सोडली की वारा कुठला ते कळतं. रायफलवाला जिथं थांबतो तिथून आमची शिकार सुरू व्हायची. त्याला टेकडीवरून ओढ्यापलीकडचं हरीण चालतं. आम्हाला ते आमच्या गल्लीच्या रुंदीइतकं जवळ लागे. मान खाली घालून हरीण चरत असलं की आपण सरकायचं. मान वर आली की आहोत तसं दगड व्हायचं, मग एक पाय हवेत असला तरी. एकदा एका बाभळीच्या मागे मी अशी तिष्ठत उभी राहिले आणि पायावर मुंग्या चढत होत्या. हरीण आमच्याकडे पाहत होतं, पाहतच होतं. शेवटी त्यानं शेपूट हलवलं आणि पुन्हा तोंड गवतात घातलं. अण्णा गुडघ्यावर बसले, कोपर टेकलं, आणि मी श्वास सोडायच्या आत बार झाला. हरीण दोन उड्यांत खाली आलं. असे दिवस क्वचितच येत. बहुतेक वेळा आम्ही रिकाम्या हातानं, पण अंगभर काटे आणि डोळाभर जंगल घेऊन परतायचो. अण्णांना त्याचं काही वाटत नसे. "आज त्याचे कान चांगले होते," एवढंच म्हणायचे.

हरणाच्या मटणाला चरबी नसते, हे ज्यांनी रांधलं नाही त्यांना ठाऊक नसतं. नुसतं शिजवलं तर दोरखंड चावल्यासारखं लागतं. आई खाटकाकडून मेंढीची थोडी चरबी आणून ठेवायची, तिच्यात कांदा-खोबरं परतायची, खसखस वाटून लावायची, आणि मंद जाळावर दुपारभर ठेवायची. सोबत भाकरी नाही, तर वाफाळते रागीचे मुद्दे, म्हणजे नाचणीच्या उकडीचे गोळे. आमचं घर जेवणात कधीच कानडी होऊन गेलं होतं. मुद्द्याचा तुकडा रश्श्यात बुडवून न चावता गिळायचा असतो, हे आम्ही पुट्टम्मांच्या पोरांकडून शिकलो.

परवा हे सगळं नातवाच्या बायकोला सांगत होते. ती पुण्याची, आयटीत काम करते, मोठी गोड मुलगी. डोळे विस्फारून म्हणाली, "आजी, पण हे टोटली इल्लीगल ना?" मी म्हटलं, आता आहे. तेव्हा नव्हतं. नंतर कायदा आला आणि अण्णांनी त्याच आठवड्यात काडतुसं परत केली. कुणी सांगायला लागलं नाही. कायदा झाला ते योग्यच झालं. जिथं आम्ही बसमधून उतरायचो तिथून पुढपर्यंत आता इमारती आहेत, आणि हरणांना उभं राहायलाही जागा राहिलेली नाही. पण जे केलं ते मी नीट केलं, आणि ते सांगताना मान खाली घालावी असं मला कधी वाटलं नाही.

आता अक्काला आलेल्या स्थळाची गोष्ट. मुलगा वसंत सरनाईक, यशवंतपूरच्या एका कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढायचा. खिशात टोक केलेल्या पेन्सिली, नखं स्वच्छ, शर्ट कडक इस्त्रीचा. वडील बेळगावकडचे, शेतीवाडी असलेले, आवाजानं घर दणाणून सोडणारे. पाहण्याच्या कार्यक्रमाला वडील बोलले आणि मुलगा गप्प बसला. अक्कानं विचारलं, "बेंगळूर आवडलं का?" तर तो म्हणाला, "हो." तिनं विचारलं, "आणि काम?" तर म्हणाला, "बरं आहे." ती मंडळी गेल्यावर अक्का स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "मुलगा वाईट नाही गं आई, पण मी काय भिंतीशी संसार करू? भिंत निदान प्रतिध्वनी तरी देते." अण्णा म्हणाले, "घाई नाही. पुढच्या खेपेला नीट बघून सांग. तुझा होकार असेल तरच सुपारी फुटेल."

पुढच्या खेपेला थोरले सरनाईक आले ते जीप आणि रायफल घेऊन. पहिल्या भेटीत अण्णांच्या शिकारीचा विषय निघाला होता आणि तो त्यांच्या मनात घर करून बसला होता. आमच्या अंगणात उभं राहून त्यांनी रिव्हॉल्वर हातात तोललं आणि मोठ्यानं हसले. "काय पाव्हणं, ह्या खेळण्यानं हरीण पडतंय व्हय?"

"जवळ गेलं तर पडतं," अण्णा म्हणाले.

"मग उद्या बघूया की. तुमचं खेळणं आणि आमची रायफल. वश्या, तू पण चल. सासुरवाडीचं जंगल बघून घे."

अजून सासुरवाडी झालेली नव्हती, आणि अक्का दाराआड उभी होती. तिनं माझ्याकडे पाहून डोळे फिरवले.

आम्ही चौघं निघालो. अण्णा आणि सरनाईक पुढे, मी आणि वसंत मागे. संपूर्ण रस्ताभर वसंत माझ्याशी एक वाक्य बोलला. "तुम्हाला खरंच चालवता येतं?" मी म्हटलं, "येतं." मग दोघंही गप्प. मला ती शांतता काही वाईट वाटली नाही, पण मी अक्का नव्हते.

उन्हं वर यायच्या सुमाराला ओढ्याच्या कोरड्या पात्रापलीकडे चितळ दिसलं. चांगला वाढलेला नर, शिंगं कठीण झालेली, चिंचेखाली एकटाच. अण्णांनी राख सोडून पाहिली, सरनाईकांना हातानं थांबायची खूण केली आणि मला घेऊन पात्रात उतरले. आम्ही अर्धं अंतर काटलं असेल. हरणाची मान खाली होती, वारा आमच्या तोंडावर होता, सगळं जमून आलं होतं. तेवढ्यात डोक्यावरून रायफलचा बार झाला. हरणानं पाठीची कमान केली, कसंबसं वळलं आणि पलीकडच्या घाणेरीच्या रानात घुसलं.

सरनाईक वरून ओरडत आले, "लागली, लागली! बघितलंत काय?"

अण्णा पात्र ओलांडून पलीकडे झाले. चिंचेखाली जाऊन वाकले. पानांवर काळसर रक्त होतं आणि त्यात चघळलेल्या गवताचा हिरवा चोथा. "पोटाला लागलीय," ते म्हणाले. "बसू थोडा वेळ. लगेच मागे लागलो तर ते धावत राहील. एकटं सोडलं तर जवळच बसेल."

आम्ही बसलो. घाणेरीची ती भिंत तुम्हाला शहरातल्या कुंपणावरून कळायची नाही. तिथं ती माणसापेक्षा उंच माजलेली, फांदीत फांदी अडकलेली, खाली रानडुकरांनी पाडलेल्या बोगद्यासारख्या वाटा. सरनाईकांनी कडेनं एक फेरी मारली, रायफलच्या नळीनं दोन फांद्या उचलून पाहिल्या, रुमालानं मान पुसली.

"ह्यात कोण शिरणार? अस्वल-बिस्वल असलं म्हणजे? जाऊ दे की पाव्हणं. मरंल ते तिथंच. चला, डबा खाऊ, दुसरं बघू."

"संध्याकाळपर्यंत मरायचं नाही ते," अण्णा म्हणाले. "कदाचित उद्यापर्यंतही नाही."

"मग उद्या मरंल."

अण्णा उठले, गुडघ्यावरची माती झटकली. त्यांचा आवाज कधी चढत नसे, तेव्हाही चढला नाही. "तुम्ही डबा उघडा, पाव्हणं. आमच्यात जखमी जनावर मागे ठेवून कुणी जेवायला बसत नाही. आम्ही जाऊन येतो."

आम्ही दोघं खाली वाकलो, तशी मागून पावलं वाजली. वसंत होता. त्याचे वडील म्हणाले, "अरे, तुझं काय काम तिथं? बूट बघ तुझे." वसंतनं बुटांकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "मी येतो," म्हणाला. अण्णांनी नुसती मान हलवली.

आत उभं राहता येत नव्हतं, बसताही येत नव्हतं, रांगायचं. पानं चुरडल्याचा उग्र वास नाकात भरला. पाच-दहा हात आत गेल्यावर अण्णा थांबले. मला आधी कळलं नाही का थांबले, मग कळलं. त्यांचा उजवा हात अंगाचा भार घेत नव्हता. रांगायचं तर डावा हात जमिनीला हवा, आणि रिव्हॉल्वर धरायचं तर डावा हात मोकळा हवा. हे त्यांनीही त्या क्षणापर्यंत ओळखलं नव्हतं, कारण इतकी वर्षं त्यांनी कधी जनावर जखमी सोडलंच नव्हतं. त्यांनी रिव्हॉल्वर उघडलं, आतली काडतुसं मला दाखवली, बंद केलं आणि मुठीकडून माझ्यापुढे धरलं.

"कुमुद, पुढे हो."

घरात मला सगळे कुम्मी म्हणायचे. कुमुद म्हणून हाक मारलेली मला शाळेबाहेर आठवत नाही. मी रिव्हॉल्वर घेतलं. ते जड होतं आणि मला ते जडपण ओळखीचं होतं. चार वर्षं मी त्या टिकलीवर खट् खट् करत आले होते. हाताला काय करायचं ते माहीत होतं; मला फक्त त्याच्या मध्ये यायचं नव्हतं.

पुढे मी, माझ्यामागे अण्णा, शेवटी वसंत, आमच्या पाठीवर येणाऱ्या फांद्या वर धरून ठेवणारा. रक्ताचा माग पानांच्या खालच्या बाजूला होता, जिथं हरणाचं अंग घासलं होतं. मग आवाज आला. श्वासाचा, ओला, भरभर. फांद्यांच्या आड एक खोलगट जागा होती आणि तिथं ते बसलं होतं, पाठ आमच्याकडे, मान वर. एक कान मागे फिरला. अण्णांनी माझ्या घोट्यावर हात ठेवला. थांब. मी थांबले. मध्ये एक जाड फांदी होती, आणि गोळी तिच्यावर आपटली असती तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. हरणानं उठायचा प्रयत्न केला, पुढचे पाय टेकले, मागचे नाही आले. ते बाजूला कललं आणि मान फांदीआडून मोकळी झाली. घोट्यावरचा हात उचलला गेला. मी मान आणि डोकं जुळतं तिथं नेम धरला, तो बसला, आणि मगच बोट आत घेतलं.

त्या बोळकांडीत आवाज एवढा झाला की थोडा वेळ मला काहीच ऐकू येईना. हरणाची मान खाली गेली होती. श्वास थांबला होता. मला आनंद झाला नाही आणि दुःखही झालं नाही. आता त्याला दुखत नाही, एवढंच मनात आलं, आणि ते फार मोठं वाटलं. अण्णा सरकत पुढे आले, हरणाच्या कपाळावर हात ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बरोबर."

मागे वसंत ओकत होता. अगदी रीतसर, पोट रिकामं होईपर्यंत. आम्ही त्याच्याकडे पाहिलं नाही. मग त्यानं बाहीनं तोंड पुसलं, रांगत पुढे आला, हरणाकडे एकदा नीट पाहिलं आणि विचारलं, "पाय बांधायला काही आहे का?" आमच्याकडे काही नव्हतं. त्यानं स्वतःचा पट्टा काढला, चारी पाय एकत्र आवळले, आणि बसल्या बसल्या मागे सरकत ते धूड ओढायला सुरुवात केली. अण्णांच्या एका हातानं आणि माझ्या ताकदीनं ते निघालं नसतं. काटे त्याच्या पाठीत घुसत होते, शर्ट फाटत होता. मध्ये एकदा तो थांबला, डोळे मिटले, आणि पुन्हा ओढू लागला.

बाहेर सरनाईक चपातीचा घास हातात घेऊन उठले. "आणलंत की! बघा, म्हटलं नव्हतं, माझी गोळी बसलीय म्हणून!"

अण्णांनी पाण्याची बाटली उचलली. मी रिव्हॉल्वर उघडून काडतुसं काढत होते. बोलला तो वसंत, जमिनीवर बसूनच, धापा टाकत. "आबा, तुमची गोळी पोटाला लागली होती. मारलं हिनं. तुम्ही ते सोडून जेवायला बसला होता."

सरनाईकांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू जीपच बोलली. मग हातातला घास तोंडात टाकला आणि चावत राहिले. रागावले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूनं सांगते. परतीच्या वाटेवर मात्र त्यांचा आवाज नेहमीपेक्षा बराच खाली होता.

घरी आल्यावर अण्णांनी एक गोष्ट केली. एरवी रिव्हॉल्वर साफ ते स्वतःच करत. दुसऱ्या कुणाला फडक्यालाही हात लावू देत नसत. त्या दिवशी तेलाची बाटली, फडकं आणि नळी साफ करायचा गज माझ्यापुढे ठेवले. "ज्यानं चालवलं, त्यानं पुसायचं." मी अंगणात बसले आणि अक्का येऊन शेजारी टेकली. तिला सगळं हवं होतं, पहिल्यापासून. मी सांगत गेले. वसंतपाशी आल्यावर तिनं मला अडवलं.

"ओकला?"

"चांगलाच."

"मग?"

"मग तोंड पुसलं आणि पट्टा काढून पाय बांधले. बाहेरपर्यंत त्यानंच ओढलं."

"आणि वडिलांना तसं म्हणाला? तोंडावर?"

"तोंडावर. घास हातात असताना."

अक्का गप्प बसली. एवढा वेळ गप्प बसलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मग उठली, आईच्या हातातला कॉफीचा पेला घेतला आणि बाहेरच्या खोलीत गेली. मी फडकं टाकून दाराशी पोचले. वसंत खुर्चीच्या कडेवर बसला होता, पाठ टेकू शकत नव्हता. अक्कानं पेला त्याच्यापुढे धरला आणि सरनाईकांच्या, अण्णांच्या, सगळ्यांच्या देखत म्हणाली, "शर्ट काढून द्या. रक्ताचा डाग गार पाण्यानं आत्ताच जाईल. उद्यावर गेला की राहिला. आणि पाठीतले काटे कुणी काढायचे, मी की कुम्मी?"

वसंत लाल झाला. सगळे त्याच्या 'हो'ची नाहीतर 'बरं'ची वाट पाहत होते. त्यानं पेला घेतला, एक घोट घेतला आणि म्हणाला, "कुमुदचा नेम चांगला आहे. पण तुम्ही बोलत राहाल, तर मला कमी दुखेल."

सुपारी त्याच संध्याकाळी फुटली. लग्नात सरनाईकांनी शिकारीची गोष्ट पंक्तीपंक्तीला सांगितली. त्यांच्या गोष्टीत हरीण त्यांच्याच गोळीनं जागच्या जागी पडत असे, आणि दर पंक्तीला ओढा रुंद होत जात असे. वऱ्हाडी माना डोलवत. अण्णा डाव्या हातात तुपाची वाटी घेऊन तिथंच उभे असत, गोष्ट शेवटपर्यंत ऐकत, आणि मला हाक मारून म्हणत, "कुमुद, पाव्हण्यांना आणखी वाढ. दमले असतील."